दिवसाउजेडी दिवा कशाला?

(द्वितीय वर्ष कला, मानसशास्त्र)

पुण्याच्या रस्त्यावर एक खूण अजूनही पाहावयास मिळते. समोरून येणाऱ्या दुचाकीचा दिवा भर दुपारी चालू दिसला, की एखादे सद्गृहस्थ हाताची बोटे मिटून-उघडून दाखवितात. अर्थ असा, की ‘अहो, दिवा चालू राहिला आहे.’ हेतू चांगला असतो. परंतु १ एप्रिल २०१७ पासून आपल्या देशात तयार होणाऱ्या नव्या दुचाकींचा पुढचा दिवा इंजिन सुरू होताच आपोआप लागतो. तो बंद करण्याचे बटनच गाडीला नसते. हा दिवा रस्ता दिसावा म्हणून नाही, तर आपण दुसऱ्याला दिसावे म्हणून आहे. रस्ता दाखविणारा दिवा आणि आपल्याला दाखविणारा दिवा या दोन निराळ्या गोष्टी होत, हे एकदा ध्यानात आले म्हणजे प्रस्तुत लेखाचा अर्धा विषय समजला असे म्हणावयास हरकत नाही.

उरलेला अर्धा विषय आकाशातील आहे. स्वतःच्या हातांनी घरी विमान बांधावयाचे, ते फक्त दिवसा उडवावयाचे, रात्री कधीच नाही. अशा विमानावर टक्करविरोधी लुकलुकता दिवा बसवावा की बसवू नये? प्रश्न वरवर पाहता विज्ञान शाखेचा किंवा कारखान्यातील कारागिराचा वाटतो. परंतु आमच्या वर्गात ‘अवधान व संवेदन’ हे प्रकरण शिकविले जात असता माझ्या असे लक्षात आले, की या प्रश्नाचे खरे उत्तर दिव्यात नसून पाहणाऱ्याच्या डोळ्यात आहे. म्हणून कला शाखेच्या विद्यार्थिनीने त्यावर लिहिण्याचे धाडस केले आहे.

घरी बांधलेले विमान

विमान घरी बांधता येते, यावर आमच्या घरी कोणाचा विश्वास बसेना. वास्तविक उदाहरण आपल्याच राज्यातील आहे. कॅप्टन अमोल यादव हे व्यवसायाने वैमानिक. त्यांनी मुंबईत कांदिवलीच्या चारकोप भागात राहत्या इमारतीच्या गच्चीवर सहा आसनांचे विमान बांधले. फेब्रुवारी २०१६ मध्ये वांद्रे-कुर्ला संकुलात भरलेल्या ‘मेक इन इंडिया’ सप्ताहात ते लोकांना पाहावयास मिळाले. २०१७ च्या नोव्हेंबरात नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने त्याची नोंदणी केली व व्हीटी-एनएमडी ही अक्षरे त्याला मिळाली. पुढे २०१९ मध्ये उड्डाणाचा परवाना आणि २०२० मध्ये धुळ्याच्या धावपट्टीवर चाचणी उड्डाण, असा हा प्रवास आहे. गच्चीवरून धावपट्टीवर यावयास जी वर्षे लागली, त्यांतील बरीचशी कागदांत गेली, हेही नमूद केले पाहिजे.

अमेरिकेत हा छंद पुष्कळ जुना व मोठा आहे. १९५३ साली पॉल पोबेरेझ्नी यांनी मिलवॉकी येथे अशा हौशी विमान बांधणाऱ्यांची संघटना स्थापन केली. तिचा वार्षिक मेळा १९७० पासून ऑशकॉश या गावी भरत आला आहे. तेथे लोक आपापल्या गॅरेजमध्ये बांधलेली विमाने स्वतः उडवीत घेऊन येतात.

असा मनुष्य कारखानदार नसतो. तो पगारातून पैसा बाजूला काढतो आणि विमानाचा एकेक किलो तोलून पाहतो. दिवा म्हटला की त्यामागे तारा आल्या, बॅटरी आली, जनित्र आले. लहान विमानाच्या इंजिनाला ठिणगी मॅग्नेटोपासून मिळते, त्यामुळे बॅटरीवाचूनही इंजिन चालते. काही साध्या विमानांत विजेची सोय मुळी नसतेच. अशा वेळी ‘दिवसा उडणाऱ्या विमानाला दिवा कशाला?’ हा प्रश्न कंजूषपणाचा ठरत नाही, तो रास्त आहे. म्हणूनच त्याचे उत्तरही नुसत्या ‘असावा बरे’ या शब्दांत देऊन चालणार नाही.

दिवे कोणते व नियम काय म्हणतो

विमानावरील बाहेरच्या दिव्यांचे ढोबळमानाने तीन प्रकार आहेत. पहिला प्रकार दिशादर्शक दिव्यांचा. डाव्या पंखाच्या टोकाला तांबडा, उजव्या टोकाला हिरवा आणि शेपटीला पांढरा असे हे तीन दिवे असतात. हे स्थिर जळतात. रात्री समोरच्या वैमानिकास त्यांच्या रंगांवरून विमान कोणत्या बाजूस तोंड करून आहे, ते कळते. दुसरा प्रकार टक्करविरोधी दिव्याचा. हा तांबडा किंवा पांढरा असून लुकलुकतो. तिसरा म्हणजे उतरताना धावपट्टीवर प्रकाश टाकणारा पुढचा झोत.

टक्करविरोधी दिव्याची मोजमापे ठरलेली आहेत. अमेरिकेच्या लहान विमानांच्या जुन्या मानकानुसार त्याने मिनिटाला ४० ते १०० वेळा लुकलुकावे, क्षितिजाच्या पातळीच्या वर व खाली ७५ अंशांपर्यंत दिसावे, आणि क्षितिजालगतच्या पाच अंशांत त्याची परिणामी तीव्रता निदान ४०० कँडेला असावी.

‘परिणामी’ हा शब्द येथे महत्त्वाचा आहे. क्षणभर चमकून विझणारा दिवा डोळ्यास तेवढ्याच तीव्रतेच्या स्थिर दिव्याहून मंद भासतो. ब्लोंडेल व रे या दोन फ्रेंच शास्त्रज्ञांनी १९११ मध्ये याचे सूत्र दिले. त्या सूत्राने गणित केले तर सेकंदाचा हजारावा भाग चमकणाऱ्या दिव्याने ४०० कँडेलाइतका परिणाम साधावा म्हणून त्याला त्या क्षणी सुमारे ८० हजार कँडेला इतके तेजस्वी व्हावे लागते. झेनॉन वायूच्या नळीचे स्ट्रोब दिवे हेच करीत आले. त्यासाठी विजेचा भार साठवून तो एकदम सोडणारी शेकडो व्होल्टची पेटी विमानात ठेवावी लागे. एलईडी आल्यापासून ही अडचण पुष्कळ कमी झाली.

आता नियम. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेचे हवाई नियम सूर्यास्तापासून सूर्योदयापर्यंत टक्करविरोधी व दिशादर्शक असे दोन्ही दिवे सक्तीचे करतात. दिवसाबाबत त्यांचे म्हणणे असे, की टक्करविरोधी दिवा बसविलेला असेल तर तो दिवसाही उड्डाणात चालू ठेवावा. मात्र ढगावरून परतणाऱ्या चकाकीने वैमानिकाच्या कामात व्यत्यय येत असेल, किंवा बाहेरील कोणाचे डोळे दिपत असतील, तर तो बंद करण्याची मुभा आहे. अमेरिकेने एक पाऊल पुढे टाकले. ११ मार्च १९९६ नंतर नव्याने प्रमाणित झालेल्या लहान विमानांस तेथे दिवसाही हा दिवा आवश्यक ठरला. परंतु घरी बांधलेली विमाने ‘प्रायोगिक’ या वर्गात मोडतात आणि ती केवळ दिवसा व स्वच्छ हवेत उडणार असतील तर ही सक्ती त्यांस लागू होत नाही.

थोडक्यात सांगावयाचे तर नियम घरी विमान बांधणाऱ्यास म्हणतो, ‘बसविलाच पाहिजे असे नाही; बसविलास तर लाव.’ म्हणजे निर्णय अखेर त्याच्या विवेकावर येऊन पडतो.

साडेबारा सेकंद

दिवसा स्वच्छ हवेत उडणाऱ्या लहान विमानांचा मूळ नियम ‘पाहा आणि टाळा’ हा आहे. ऐकावयास तो सोपा वाटतो. पण पाहण्यापासून टाळण्यापर्यंत किती वेळ लागतो? अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनाने वैमानिकांसाठी काढलेल्या पत्रकात त्याचा हिशेब दिला आहे. वस्तू दिसणे ०.१ सेकंद, ते विमान आहे हे ओळखणे १ सेकंद, ते आपल्यावर येत आहे हे उमगणे ५ सेकंद, कोणीकडे वळावे हे ठरविणे ४ सेकंद, स्नायूंची हालचाल ०.४ सेकंद, आणि विमानाने प्रत्यक्ष वळण घेणे २ सेकंद. एकूण साडेबारा सेकंद. यांत डोळ्याचे काम सेकंदाच्या दहाव्या भागात आटोपते आणि मनाच्या कामाला दहा सेकंद लागतात. हे वाचल्यावर विषय आपल्याच शाखेचा आहे, याबद्दल माझ्या मनात शंका राहिली नाही.

आता समजा, दोन लहान विमाने ताशी १८० किलोमीटर वेगाने समोरासमोर येत आहेत. दोघांमधील अंतर सेकंदाला १०० मीटरने कमी होते. साडेबारा सेकंद म्हणजे १,२५० मीटर. एवढ्या अंतरावर समोरचे विमान दिसलेच पाहिजे. त्यानंतर दिसून उपयोग नाही. नऊ मीटर पंखविस्ताराचे विमान १,२५० मीटरवरून किती मोठे दिसेल? हात लांब करून चिमटीत आंबेमोहोर तांदळाचा एक दाणा धरावा, जेमतेम तेवढे. त्यातही पंख समोरून पाहिले असता रेषेसारखे बारीक. भरीव असा फक्त मधला ठिपका. सहा सेकंद उलटले तरी हा आकार दुपटीइतकाच होतो. मात्र शेवटच्या सेकंदाला, अंतर १०० मीटर उरले असता, तेच विमान हाताच्या अंतरावरील पाच सेंटिमीटरच्या पुरीएवढे होते. बारा सेकंदांपैकी अकरा सेकंद दाणा आणि अखेरच्या क्षणी एकदम पुरी, असा हा प्रकार आहे.

न हलणारा ठिपका

याहून कठीण गोष्ट पुढेच आहे. सरळ रेषेत, ठरावीक वेगाने जाणारी दोन विमाने एकमेकांवर आदळणार असतील, तर प्रत्येकाच्या काचेत दुसरे विमान एकाच जागी स्थिर दिसते. ते डावीकडे सरकत असेल किंवा उजवीकडे, तर ते मागून वा पुढून निघून जाईल. जे सरकत नाही, तेच धोक्याचे.

माझे वडील टेंपो चालवितात. मांजरीहून गुलटेकडीच्या मार्केट यार्डात भाजी नेण्याचे त्यांचे काम. शाळेत ते सातवीपर्यंतच गेले. आमच्या घरातून कॉलेजात आलेली मी पहिलीच. हा भूमितीचा नियम मी त्यांना मोठ्या उत्साहाने समजावून सांगू लागले, तेव्हा ते म्हणाले, ‘‘यात नवीन काय आहे? आडव्या रस्त्यानं येणारा जो काचेत एका जागी ऱ्हातो, त्यालाच सांभाळायचं. आणि तो बऱ्याचदा काचेच्या दांडीमागंच लपलेला असतो.’’ टेंपोच्या काचेची दांडी म्हणजेच विमानाच्या काचेची चौकट. स्थिर राहणारे विमान एकदा चौकटीमागे गेले, की ते तेथेच राहते. म्हणून वैमानिकास केवळ डोळे नव्हे, तर डोकेही हलविण्यास शिकवितात.

मानसशास्त्र असे सांगते, की आपली नजर हालचालीकडे आपोआप ओढली जाते. डोळ्याच्या कडेला काही हलले की आपण वळून पाहतो. स्थिर वस्तूकडे मात्र मुद्दाम पाहावे लागते. टक्कर होऊ घातलेले विमान नेमके स्थिर असते. म्हणजे निसर्गाने दिलेली ही घंटा हव्या त्या वेळीच वाजत नाही. शिवाय रिकाम्या निळ्या आकाशाकडे पाहताना डोळ्याला स्थिरावयास काही मिळत नाही आणि त्याचा केंद्रबिंदू नकळत जवळ, एक-दोन मीटरवर, येऊन राहतो. नजर लांब लागली आहे असे वैमानिकास वाटते. वास्तविक ती लागलेली नसते. त्यात कंटाळ्याची भर पडते. नॉर्मन मॅकवर्थ या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञाने १९४८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत असे आढळले, की क्वचितच घडणाऱ्या खुणेवर लक्ष ठेवण्याचे काम दिले तर पहिल्या अर्ध्या तासानंतरच माणसाच्या चुका लक्षणीय वाढतात. आकाशात दुसरे विमान दिसणे ही अशीच क्वचित घडणारी खूण होय.

लुकलुकणाऱ्या दिव्याचे खरे महत्त्व येथे कळते. जो ठिपका जागा बदलत नाही, त्याला हा दिवा निदान काळात बदल देतो. आता आहे, आता नाही. पुन्हा आहे, पुन्हा नाही. हालचालीची जी उणीव भूमितीने निर्माण केली, ती लुकलुकण्याने भरून निघावी, अशी ही योजना आहे. योजना निःसंशय सुंदर आहे. परंतु तिच्या आड सूर्य येतो.

सूर्यापुढे दिवा

‘सूर्यापुढे काजवा’ असे आपण सहज म्हणतो. त्याचे शास्त्र एर्न्स्ट वेबर या जर्मन संशोधकाने १८३४ साली सांगितले. दोन उद्दीपकांतील फरक आपल्याला जाणवण्यासाठी तो नुसता असून भागत नाही. मूळ उद्दीपकाच्या प्रमाणात तो पुरेसा मोठा असावा लागतो. अंधाऱ्या खोलीत एक पणती लावली तर सारी खोली बदलते; मांडवात शंभर दिवे असता एकशे एकावा लागला तरी कोणाच्या लक्षात येत नाही. दिवा तोच, बदलली ती पार्श्वभूमी.

हे आकड्यांत मांडता येते. धावपट्टीवरील दिवे किती अंतरावरून दिसतील हे ठरविण्यासाठी आंतरराष्ट्रीय मानकांत डोळ्याचे चार उंबरठे धरले आहेत. दिव्याचा जो प्रकाश डोळ्यापर्यंत पोचतो, तो रात्री एका लक्सच्या दहा लाख भागांपैकी एक भागाहूनही कमी असला तरी पुरतो. संधिप्रकाशात लाखातला एक भाग लागतो. साधारण दिवसा दहा हजारांतला एक. आणि प्रखर उजेडात हजारातला एक. दिव्याचा प्रकाश अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात कमी होतो, हे आपण शाळेत शिकलोच आहोत. त्यावरून ४०० कँडेलाच्या दिव्याचे गणित मी करून पाहिले. हवा अगदी स्वच्छ धरली, तर तो रात्री सुमारे २२ किलोमीटरवरून दिसेल, संधिप्रकाशात सव्वासहा किलोमीटरवरून, साधारण दिवसा २ किलोमीटरवरून आणि प्रखर उजेडात अवघ्या ६३० मीटरवरून.

आता मघाच्या साडेबारा सेकंदांशी हे आकडे ताडून पाहावेत. आपल्याला किमान १,२५० मीटर हवेत. रात्री दिवा कितीतरी आधी सांगतो. संधिप्रकाशात तो एक मिनिट आधी सांगतो. ढगाळ, साधारण दिवशी २० सेकंद आधी, म्हणजे कसाबसा वेळेवर. आणि एप्रिलच्या दुपारी सहा सेकंद आधी, म्हणजे उशिरा. शिवाय हे उंबरठे दिवा कोठे पाहावयाचा हे ठाऊक असलेल्या डोळ्यासाठी आहेत. आकाशात कोठे पाहावे हेच ठाऊक नसते. धूळ व धूर यांनी हे अंतर आणखी घटते, ते निराळेच.

ऑस्ट्रेलियाच्या हवाई सुरक्षा अन्वेषण विभागाने १९९१ मध्ये ‘पाहा आणि टाळा’ या तत्त्वाच्या मर्यादांवर जो अहवाल काढला, त्याचा निष्कर्षही असाच आहे. तीन सागरी मैलांवरून दिसावयाचे तर अगदी अंधारलेल्या दिवशीसुद्धा स्ट्रोबची तीव्रता ५,००० कँडेलाच्या आसपास हवी. लख्ख उन्हात एक लाखाहून अधिक. विमानांवर प्रत्यक्षात असतात ते १०० ते ४०० कँडेलाचे.

दिव्याने लपणारे विमान

याच संदर्भात दुसऱ्या महायुद्धातील एक हकीगत सांगण्याजोगी आहे. अमेरिकन नौदलाची विमाने पाणबुड्यांवर चालून जात, तेव्हा पाणबुडीवरील पहारेकऱ्यास ती दुरूनच आकाशात काळा ठिपका म्हणून दिसत आणि पाणबुडी बुडी मारून निसटे. यावर उपाय म्हणून ‘येहुदी’ या गुप्त योजनेत विमानाच्या पुढच्या बाजूस दिवे बसविण्यात आले व त्यांचे तेज मागच्या आकाशाइतके राखण्यात आले. परिणाम असा, की एरवी १२ मैलांवरून दिसणारे विमान २ मैलांवर येईपर्यंत दिसेनासे झाले.

दिवा लावला आणि विमान लपले! यातून बोध असा, की उजळ आकाशावर विमान दिसते ते त्याच्या उजेडामुळे नव्हे, तर त्याच्या काळेपणामुळे. डोळा प्रकाश पाहत नाही. तो फरक पाहतो. म्हणून रंगाचाही विचार करावा लागतो. परंतु घरी बांधणाऱ्यास येथेही पूर्ण मोकळीक नसते. काचतंतू व राळ यांची विमाने बहुतेक पांढरीच रंगवितात, कारण गडद रंग ऊन शोषतो आणि तापलेली राळ मऊ पडते. आमच्या हडपसरच्या ग्लायडिंग सेंटरवरून ज्यांनी ग्लायडर उडताना पाहिले असतील, त्यांस पांढऱ्या ढगाखाली पांढरे ग्लायडर कसे विरघळून जाते, याचा अनुभव असेलच. ग्लायडरला इंजिन नाही, म्हणून जनित्रही नाही. दिव्याची चैन त्याला बहुधा परवडत नाही. आणि तेथून लोहगावचा विमानतळ सरळ रेषेत दहाएक किलोमीटरच आहे.

मग बसवावा की नाही?

येथवर वाचून कोणी म्हणेल, की दिवा निरुपयोगी ठरला; विषय संपला. मला तसे वाटत नाही. माझ्या मते तीन गोष्टी ध्यानात घ्यावयास हव्यात.

पहिली गोष्ट म्हणजे, ‘दिवस’ ही एकच वस्तू नाही. कायद्याच्या दृष्टीने सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत सगळा दिवसच. डोळ्याच्या दृष्टीने मात्र डिसेंबरातील पुण्याची धुरकट सकाळ, पावसाळ्यात सह्याद्रीच्या काळ्या-हिरव्या उतारावरून जाणारी वाट, मोठ्या ढगाची सावली आणि परतीची साडेपाचची वेळ हे सारे निरनिराळे दिवस आहेत. फक्त दिवसा उडणारे विमानही या वेळांना उडतेच. वर केलेल्या गणितात दिवा ज्या ज्या ठिकाणी वेळेवर सांगतो, त्या नेमक्या याच वेळा आहेत. उन्हात दिवा हरतो, पण उन्हात विमानाची काळी आकृती थोडीफार दिसते. सावलीत आकृती हरते, तेथे दिवा कामी येतो. दोघे एकमेकांची पाळी सांभाळतात.

दुसरी गोष्ट, केवळ पंखावरचा स्ट्रोब लावून थांबू नये. उतरण्याचा पुढचा झोत अरुंद असतो, पण त्याच्या रेषेत त्याची तीव्रता लाख कँडेलाच्या घरात जाऊ शकते. तेच गणित लावले तर तो प्रखर उजेडातही काही किलोमीटरवरून दिसावयास हवा. समोरून येणाऱ्यासाठी दिवसा हाच खरा दिवा होय. तो डावा-उजवा आळीपाळीने लुकलुकविता आला तर अधिकच चांगले. मात्र तो समोरच्यालाच दिसतो. मागून वा बाजूने येणाऱ्यास त्याचा उपयोग नाही. हवेतल्या टकरी बहुधा दिवसा, चांगल्या हवेत आणि धावपट्टीच्या आसपास होतात, जेथे विमाने एकामागून एक उतरण्याच्या रांगेत येत असतात. तेव्हा मागून येणाऱ्यासाठी शेपटीचा व पंखाचा स्ट्रोब, समोरच्यासाठी झोत, अशी वाटणी करणे योग्य.

तिसरी गोष्ट, दिव्यावर विसंबून राहू नये. १२ नोव्हेंबर १९९६ रोजी हरियाणात चरखी दादरीवर सौदी अरेबियाचे प्रवासी विमान व कझाकस्तानचे विमान यांची टक्कर होऊन ३४९ माणसे मृत्युमुखी पडली. ती मोठी, सर्व दिव्यांनिशी उडणारी विमाने होती. वेळ संध्याकाळची आणि वाटेत ढग. त्यानंतर आपल्या देशाने प्रवासी विमानांवर टक्कर टाळण्याची सूचना देणारे यंत्र सक्तीचे केले. परंतु हे यंत्रदेखील समोरच्या विमानात उत्तर देणारा ट्रान्सपाँडर असेल तरच बोलते. घरी बांधलेल्या विमानात तो नसेल, तर मोठ्या विमानाच्या यंत्रापुरते ते विमान आकाशात नसल्यासारखेच. म्हणून पैसा व वजन यांची बेरीज करताना दिवा, रेडिओ आणि ट्रान्सपाँडर यांचा एकत्र विचार करावा. एलईडीमुळे दिव्याचा भार हलका झाला आहे. तेव्हा एकासाठी दुसरे सोडण्याची वेळ आता सहसा येऊ नये.

उपसंहार

सारांश, दिवसा उडणाऱ्या घरगुती विमानावर टक्करविरोधी दिवा बसवावा आणि तो उड्डाणात चालू ठेवावा, असे माझे मत आहे. पण बसविणाऱ्याने त्याचे मोल नीट ओळखून बसवावा. तो मळभात, संधिप्रकाशात, डोंगराच्या पार्श्वभूमीवर उपयोगी पडेल. वैशाखाच्या दुपारी जवळजवळ नाही. ‘माझा दिवा चालू आहे, म्हणजे मी समोरच्याला दिसतो आहे’ असे ज्याने गृहीत धरले, त्याच्यासाठी दिवा असण्यापेक्षा नसलेला बरा. कारण दिवा नसता तर तो स्वतः अधिक सावधपणे पाहत राहिला असता.

हाच न्याय आमच्या रस्त्यांनाही लागू आहे. भर दुपारी दिवा लावून स्कूटर चालविणाऱ्या आपणा सर्वांना तो दिवा इतरांच्या नजरेत आणण्याचा प्रयत्न करतो, हमी देत नाही. दिसण्यासाठी जे करता येईल ते आपण करावे आणि आपण दिसलो नाही असे समजून चालवावे. या दोन गोष्टी परस्परविरोधी वाटल्या तरी जमिनीवर काय किंवा आकाशात काय, दोन्ही एकदम केल्यावाचून गत्यंतर नाही. ज्या कायद्याने घरी विमान बांधणाऱ्यास दिव्याच्या सक्तीतून मोकळे ठेवले, त्याने त्याला पाहण्याच्या कर्तव्यातून मोकळे केलेले नाही.